निद्राविकार आणि फुप्फुसाचे आजार : संशोधन कुठवर आले?

प्रश्नाची मांडणी

रात्री मोठ्याने घोरणारा, मध्येच श्वास अडकून दचकून उठणारा माणूस सहसा डॉक्टरकडे जात नाही. गेलाच तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जातो. वर्षानुवर्षे खोकला आणि धाप असलेला माणूस छातीच्या डॉक्टरकडे जातो. पहिल्याला कुणी फुंकायची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, करायला सांगत नाही आणि दुसऱ्याला कुणी झोपेबद्दल विचारत नाही. दोन्ही आजार एकाच शरीरात असतील तर काय होते, ते किती जणांत असतात, कसे ओळखायचे आणि उपचार कशाने करायचे, हे प्रश्न गेली चाळीसेक वर्षे वैद्यकात चर्चेत आहेत. काहींची उत्तरे पक्की झाली आहेत, काहींवर प्रामाणिक मतभेद आहेत आणि काही प्रश्न आपल्याकडे अजून नीट विचारलेच गेलेले नाहीत.

पनवेल परिसर नजरेसमोर ठेवला तर हा विषय पुस्तकी राहत नाही. तळोज्याची औद्योगिक वसाहत, कळंबोलीचा लोखंड बाजार आणि तिथे मुक्कामाला थांबणारे ट्रक, तिथूनच सुरू होणारा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, खाडीकाठचे डास, नव्या वसाहतींमधली बैठी नोकरी आणि लांबचा प्रवास, आणि तालुक्याच्या डोंगराकडच्या वाड्यांवरच्या चुली. वजन आणि घोरणे वाढवणारे राहणीमान आणि फुप्फुस झिजवणारा धूर इथे एकाच तालुक्यात नांदतात.

पार्श्वभूमी : दोन वेगळ्या वाटा

झोपेतल्या श्वासाचा अभ्यास सुरू झाला तो अतिस्थूल, सतत पेंगणाऱ्या रुग्णांपासून. १९५६ मध्ये अमेरिकेत सिडनी बर्वेल आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णाचे वर्णन केले आणि डिकन्सच्या कादंबरीतल्या झोपाळू मुलावरून त्याला ‘पिकविकियन सिंड्रोम’ असे नाव दिले. १९६५ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेय इथे आंरी गास्तो यांच्या गटाने अशा रुग्णांची रात्रभर नोंद घेतली आणि झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबतो हे दाखवले. १९७६ मध्ये ख्रिश्चन गिलमिनो आणि सहकाऱ्यांनी या आजाराची, म्हणजे स्लीप अ‍ॅप्नियाची, व्याख्या केली. प्रौढ माणसात किमान दहा सेकंद श्वासाचा प्रवाह थांबला की तो एक अ‍ॅप्निया. तासाला असे किती प्रसंग येतात, पूर्ण थांबण्याचे आणि अर्धवट अडण्याचे मिळून, त्या आकड्याला एएचआय म्हणतात. तो ५ च्या आत असेल तर सामान्य, १५ पासून मध्यम आणि ३० पासून तीव्र आजार मानतात.

उपचाराची वाट १९८१ मध्ये उघडली. ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सलिव्हन यांनी नाकावरच्या मास्कमधून सौम्य दाबाची हवा सतत सोडून घसा उघडा ठेवता येतो हे दाखवले. तेच आजचे सीपॅप. १९९३ मध्ये टेरी यंग यांच्या विस्कॉन्सिनमधल्या अभ्यासाने हा आजार मूठभर अतिस्थूल लोकांपुरता नाही हे सिद्ध केले. ३० ते ६० वयोगटात २४ टक्के पुरुषांत आणि ९ टक्के स्त्रियांत एएचआय ५ किंवा त्याहून जास्त निघाला. दिवसा पेंगण्याचे लक्षणही सोबत असलेले मात्र ४ टक्के पुरुष आणि २ टक्के स्त्रियाच होत्या. या दोन आकड्यांमधली दरी पुढच्या अनेक वादांच्या मुळाशी आहे.

फुप्फुसाच्या बाजूने सीओपीडीचा, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराचा, अभ्यास वेगळ्या वाटेने चालला होता. १९८० आणि १९८१ च्या दोन चाचण्यांनी, एक उत्तर अमेरिकेतली आणि एक ब्रिटनमधली, रक्तातला ऑक्सिजन फार उतरलेल्या रुग्णांना दिवसातून निदान १५ तास ऑक्सिजन दिला तर आयुष्य वाढते हे दाखवले. अमेरिकेतल्या चाचणीत केवळ रात्री ऑक्सिजन घेणाऱ्यांपेक्षा जवळजवळ अखंड घेणारे जास्त जगले.

१९८५ मध्ये एडिंबराचे डेव्हिड फ्लेन्ली यांनी दोन्ही वाटा जोडल्या. स्लीप अ‍ॅप्निया आणि सीओपीडी एकत्र असलेल्या अवस्थेला त्यांनी ‘ओव्हरलॅप सिंड्रोम’ म्हटले.

झोपेत फुप्फुसाचे काय होते

झोपेत निरोगी माणसाचाही श्वास थोडा उथळ होतो. स्वप्नांच्या, म्हणजे रेम, झोपेत शरीराचे बहुतेक स्नायू सैल पडतात. बरगड्यांमधले आणि मानेचे स्नायू काम सोडतात आणि श्वासाचा भार जवळजवळ एकट्या पडद्यावर, डायफ्रामवर, येतो. सीओपीडीत फुप्फुसात हवा कोंडून ती फुगलेली असतात. त्यामुळे पडदा आधीच सपाट झालेला असतो आणि त्याची ताकद कमी पडते. म्हणून दिवसा बऱ्यापैकी दिसणाऱ्या रुग्णाचाही ऑक्सिजन पहाटेच्या झोपेत खाली येऊ शकतो.

ऑक्सिजन आणि हिमोग्लोबिन यांचे नाते घाटमाथ्यासारखे आहे. निरोगी माणूस सपाट पठारावर आत उभा असतो. श्वास थोडा अडला तरी त्याची ऑक्सिजनची पातळी फारशी ढळत नाही. सीओपीडीचा रुग्ण कड्याच्या तोंडाशी असतो, जरा तोल गेला तरी खूप खाली येतो. त्यात झोपेत घसा मिटण्याचा आजार, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया, जोडला गेला की प्रत्येक अडथळ्यात ऑक्सिजन अधिक उतरतो आणि दोन अडथळ्यांच्या मधल्या वेळेत तो पुरता सावरत नाही. फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांमधला दाब वाढणे, हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येणे, रक्तात कार्बन डायऑक्साइड साचणे या गोष्टी अशा रुग्णांत एकेकट्या आजारापेक्षा लवकर आणि जास्त दिसतात. इथवर जाणकारांचे बहुतांशी एकमत आहे.

दम्याचे गणित थोडे निराळे आहे. शरीराच्या घड्याळानुसार पहाटे चारच्या सुमारास श्वासनलिका सर्वांत अरुंद असतात. १९८८ मध्ये मार्गारेट टर्नर-वॉरविक यांनी ब्रिटनमधल्या ७,७२९ रुग्णांची पाहणी केली तेव्हा ७४ टक्के जण दम्याने आठवड्यातून निदान एकदा रात्री जागे होत होते. २०१५ मध्ये विस्कॉन्सिनच्याच गटातून पुढे आले की दमा असलेल्यांत चार वर्षांत स्लीप अ‍ॅप्निया नव्याने सुरू होण्याचे प्रमाण २७ टक्के होते, तर दमा नसलेल्यांत १६ टक्के. फुप्फुसे कडक होण्याच्या आजारात, आयपीएफमध्ये, २००९ च्या एका छोट्या अमेरिकी अभ्यासात ५० पैकी ८८ टक्के रुग्णांना स्लीप अ‍ॅप्निया निघाला. अभ्यास लहान असला तरी त्याने या रुग्णांच्या झोपेकडे लक्ष वेधले.

आपल्याकडचे काम

भारतात या विषयाचा पाया घालणारा एक अभ्यास मुंबईत झाला. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातले छातीविकारतज्ज्ञ डॉ. झरीर उदवाडिया यांचे नाव वाचकांना औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावरच्या कामामुळे ठाऊक असेल. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या शहरी पुरुषांचा अभ्यास केला. नेहमीच्या आरोग्य तपासणीला आलेल्या ६५८ जणांकडून प्रश्नावली भरून घेतली आणि त्यांतल्या २५० जणांच्या झोपेची घरीच नोंद घेतली. २००४ मध्ये अमेरिकेतल्या एका अग्रगण्य छातीविकार नियतकालिकात निष्कर्ष आले. १९.५ टक्के पुरुषांत झोपेतला श्वास बिघडलेला होता आणि ७.५ टक्के जणांना दिवसा पेंगण्यासह पूर्ण आजार होता. विस्कॉन्सिनच्या पुरुषांतल्या ४ टक्क्यांशी ताडले तर हा आकडा विचार करायला लावणारा होता. स्थूलपणा हा पाश्चात्त्यांचा प्रश्न आहे आणि त्यामुळे घोरण्याचा आजारही त्यांचाच, हा समज त्याने मोडला.

त्याच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. अभ्यासात फक्त पुरुष होते, शहरी होते, आणि आरोग्य तपासणीला येऊ शकणाऱ्या वर्गातले होते. दिल्लीत एम्सच्या सुरेंद्र शर्मा यांच्या गटाने २००६ मध्ये निमशहरी वस्तीत स्त्री-पुरुष दोघांना धरून मोजणी केली. त्यात अ‍ॅप्निया १३.७ टक्के आणि लक्षणांसह आजार ३.६ टक्के आढळला. २०२३ मध्ये भारतातल्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले. त्यानुसार प्रौढांमध्ये हे प्रमाण सुमारे ११ टक्के आहे, पुरुषांत १३ आणि स्त्रियांत ५. काम करण्याच्या वयातल्या सुमारे १० कोटी ४० लाख भारतीयांना हा आजार असावा, असा त्याचा अंदाज आहे.

दुसरी वाट पुण्याची. चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे तेव्हाचे संचालक डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासोबत २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलेल्या लेखाने जगाचे लक्ष बिडी-सिगारेट न ओढणाऱ्यांच्या सीओपीडीकडे वळवले. जगातल्या सीओपीडीच्या रुग्णांपैकी २५ ते ४५ टक्के लोकांनी कधीच धूम्रपान केलेले नसते आणि लाकूड, गोवऱ्या, काटक्या यांच्या धुराला तोंड देणारे सुमारे तीनशे कोटी लोक आहेत, ही मांडणी त्यात होती. डासांच्या कॉइलचा मुद्दाही आपल्याकडे साळवी यांनी सातत्याने मांडला. २००३ च्या एका अभ्यासानुसार एक कॉइल जळून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या कणांइतके भरतात. हा धूर माणूस बंद खोलीत झोपेतच घेतो, हे लक्षात घेतले तर दोन्ही विषय किती जवळ आहेत ते कळते.

ओझे किती आहे, याचा अंदाज २०१८ च्या राष्ट्रीय आकडेवारीवरून येतो. २०१६ मध्ये भारतात सीओपीडीचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण होते. जगाच्या लोकसंख्येतला आपला वाटा १८ टक्के आहे, पण जुनाट श्वसनविकारांच्या ओझ्यातला वाटा ३२ टक्के.

पहिला वाद : वेगळा आजार की योगायोग?

एक बाजू म्हणते की दोन्ही आजार इतके सर्वसाधारण आहेत की काही लोकांत ते एकत्र आढळणारच. त्यांचा आधार अमेरिकेतला ‘स्लीप हार्ट हेल्थ’ अभ्यास. २००३ मध्ये त्यातून दिसले की सौम्य सीओपीडी असलेल्यांत स्लीप अ‍ॅप्नियाचे प्रमाण इतरांपेक्षा वाढलेले नाही, किंबहुना थोडे कमीच आहे. त्याची शरीरशास्त्रीय कारणेही दिली जातात. फुगलेली फुप्फुसे श्वासनलिकेला खाली ओढून घसा ताठ ठेवतात, आजार वाढला की वजन घटते आणि रेम झोपही कमी होते. या तिन्हींमुळे घसा मिटण्याची शक्यता कमी होते.

दुसरी बाजू म्हणते की सौम्य आजाराच्या आकड्यांवरून तीव्र आजाराबद्दल बोलता येत नाही. २०१५ मध्ये झेव्हियर सोलर यांच्या गटाने श्वसन पुनर्वसनासाठी आलेल्या मध्यम ते तीव्र सीओपीडीच्या रुग्णांची तपासणी केली तेव्हा सुमारे ६६ टक्के जणांना स्लीप अ‍ॅप्निया निघाला. उजव्या हृदयावर ताण आल्याने अंगावर येणारी सूज रात्री आडवे झाल्यावर मानेकडे सरकते, तोंडावाटे दिलेल्या स्टेरॉइड गोळ्यांनी वजन वाढते, तंबाखूने घशाला सूज येते. ही कारणे उलट दिशेने ढकलतात.

दोन्ही बाजू खऱ्या असू शकतात, कारण सीओपीडी हा एकच आजार नाही. हवेच्या पिशव्या फाटणारा एम्फिसेमा प्रामुख्याने असेल तर घशाला थोडे संरक्षण मिळते. श्वासनलिकांचा दाह प्रामुख्याने असेल तर ते मिळत नाही. चुलीच्या धुराने होणाऱ्या सीओपीडीत एम्फिसेमा तुलनेने कमी आणि श्वासनलिकांचा बिघाड जास्त असतो, असे काही देशांतल्या अभ्यासांत दिसले आहे. मग आपल्याकडच्या चुलीपाशी आयुष्य गेलेल्या बाईला ते संरक्षण कमी मिळते का? तर्क तसा निघतो, पण तो तपासून पाहावा लागेल.

दुसरा वाद : कुणाची तपासणी, कशी तपासणी

सीओपीडीच्या प्रत्येक रुग्णाची झोप तपासावी, असे काही तज्ज्ञ म्हणतात. इतरांचा आग्रह निवडक तपासणीचा आहे. वजन जास्त असणे, मोठे घोरणे, सकाळी डोके दुखणे, फुप्फुसाचा आजार सौम्य असूनही दिवसा कार्बन डायऑक्साइड वाढलेला असणे किंवा पायांवर सूज असणे, यांपैकी काही दिसले तरच तपासणी करावी, असे ते म्हणतात. उपलब्ध साधने पाहता भारतात दुसरे मत अधिक व्यवहार्य ठरते. पहिल्या मताच्या लोकांची भीती मात्र खोटी नाही. लक्षणांवर विसंबले तर बायका हमखास सुटतात. त्यांच्यात घोरण्याऐवजी निद्रानाश, थकवा, डोकेदुखी अशी लक्षणे अनेकदा पुढे येतात आणि ती घरकामाच्या किंवा उतारवयाच्या खाती टाकली जातात.

साधनांचीही अडचण आहे. दिवसाची पेंग मोजणारी एपवर्थ प्रश्नावली, जी मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये तयार केली, तिच्यातले दोन प्रश्न मोटारीत बसण्याशी जोडलेले आहेत. वाडीवरच्या बाईला ते लागू पडत नाहीत. शिवाय सीओपीडीचा थकवा आणि अ‍ॅप्नियाची पेंग वेगळी काढणे अवघड असते.

घरच्या घरी करायच्या तपासणीने खर्च आणि खेप वाचते. अमेरिकेच्या निद्रावैद्यक संघटनेच्या २०१७ च्या शिफारशींनुसार मात्र ज्यांना हृदयाचा किंवा फुप्फुसाचा मोठा आजार आहे त्यांची तपासणी प्रयोगशाळेतच, मेंदूचे तरंग, डोळ्यांची हालचाल, श्वासाचा प्रवाह, छातीपोटाची हालचाल, ऑक्सिजन आणि ईसीजी एकत्र नोंदवून व्हावी. कारण सीओपीडीत ऑक्सिजन अडथळ्याशिवायही उतरतो आणि छोटे यंत्र त्याला अ‍ॅप्निया समजू शकते. म्हणजे ज्या रुग्णाला प्रयोगशाळेपर्यंत पोहोचणे सर्वांत कठीण, त्यालाच तिची गरज सर्वांत जास्त. भारतीय तज्ज्ञांनी २०१४ च्या सुमारास स्लीप अ‍ॅप्नियासाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना केल्या. त्यामुळे निदानाला एक देशी चौकट मिळाली, पण हा पेच तिने सुटत नाही.

तासाला किती अडथळे आले हे मोजणे पुरेसे आहे का, यावरही विचार चालू आहे. एकूण किती वेळ आणि किती खोल ऑक्सिजन उतरला हे मोजावे, हा प्रस्ताव अलीकडे जोर धरतो आहे. फुप्फुसाच्या रुग्णांसाठी तो अधिक अर्थपूर्ण वाटतो, पण त्याच्या सीमारेषा अजून ठरलेल्या नाहीत.

तिसरा वाद : उपचार कशाने

सीपॅपच्या बाजूचा सर्वांत वजनदार पुरावा २०१० चा आहे. स्पेनमधल्या होसे मारिन यांच्या गटाने ओव्हरलॅपच्या रुग्णांचा नऊ वर्षांहून अधिक काळ मागोवा घेतला. सीपॅप न वापरणाऱ्यांत मृत्यू आणि आजार बळावून रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाण जास्त होते. वापरणाऱ्यांचे भवितव्य केवळ सीओपीडी असलेल्यांच्या जवळ आले. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे, चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नाही, हे लक्षात ठेवायला हवे. मास्क नेमाने लावणारा माणूस औषधेही नेमाने घेत असतो. उलट, पेंगणाऱ्या रुग्णाला चाचणीसाठी वर्षानुवर्षे उपचाराविना ठेवणे नैतिकदृष्ट्या कठीण, हेही खरे.

शंका घेणारे २०१६ च्या ‘सेव्ह’ चाचणीकडे बोट दाखवतात. भारतासह सात देशांतल्या २,७१७ हृदयरुग्ण व पक्षाघाताच्या रुग्णांत सीपॅपने हृदयविकाराच्या घटना कमी झाल्या नाहीत. पण त्यात लोकांनी यंत्र रात्रीला सरासरी ३.३ तासच वापरले. खूप पेंगणारे आणि ऑक्सिजन फार उतरणारे रुग्ण त्यात घेतलेही नव्हते. त्यामुळे तो निष्कर्ष फुप्फुसाच्या रुग्णांना जसाच्या तसा लावता येत नाही.

रक्तात कार्बन डायऑक्साइड साचणाऱ्यांसाठी दोन दाबांचे बायपॅप यंत्र पुढे येते. २०१४ मध्ये जर्मनीतल्या कोन्लाइन यांच्या चाचणीत स्थिर सीओपीडीच्या रुग्णांचे वर्षभरातले मृत्यू ३३ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या मर्फी यांच्या चाचणीत, पुन्हा भरती किंवा मृत्यू होईपर्यंतचा मध्यक काळ १.४ महिन्यांवरून ४.३ महिन्यांवर गेला. नेदरलँड्समधल्या २०१४ च्या चाचणीत मात्र असा फायदा दिसला नाही. तिथे तीव्र आजारातून नुकत्याच सावरणाऱ्या रुग्णांना घेतले होते आणि त्यांतल्या काहींचा कार्बन डायऑक्साइड कदाचित आपोआपच कमी झाला असता. मर्फी यांनी स्लीप अ‍ॅप्निया असलेल्यांना वगळले होते. त्यामुळे ओव्हरलॅपच्या रुग्णाला सीपॅप की बायपॅप, हे अजूनही डॉक्टरच्या अनुभवावर ठरते.

एका मुद्द्यावर फारसा वाद नाही. घसा मिटत असताना घरी नुसता ऑक्सिजन लावणे पुरेसे नाही. त्याने अडथळा लांबू शकतो आणि कार्बन डायऑक्साइड वाढू शकतो. झोप येत नाही म्हणून स्वतःहून झोपेच्या गोळ्या घेणेही अशा रुग्णांना धोक्याचे.

वजन घटवणाऱ्या औषधांनी नवी दिशा दाखवली आहे. २०२४ मध्ये तिर्झेपाटाइडने स्थूल रुग्णांतला अ‍ॅप्निया लक्षणीय कमी केल्याचे प्रसिद्ध झाले, वर्षअखेरीस अमेरिकेत त्याला या आजारासाठी मान्यता मिळाली आणि २०२५ मध्ये हे औषध भारतात आले. पण सीओपीडीच्या पुढच्या टप्प्यात वजन आणि स्नायू घटणे हीच आपत्ती असते. तिथे हे औषध कुणाला द्यावे आणि कुणाला देऊ नये, हे ठरायचे आहे.

अनुत्तरित प्रश्न आणि पनवेलसारख्या ठिकाणची संधी

मुंबईच्या अभ्यासाने शहरी पुरुषाची झोप मोजली. पुण्याच्या कामाने धूम्रपान न करणाऱ्यांचे, विशेषतः चुलीशी काम करणाऱ्या बायकांचे, फुप्फुस समोर आणले. दोन्ही कामे आपल्या राज्यातली आहेत आणि दोन्ही मोलाची आहेत. त्या दोन्हींच्या मध्ये उरते ती धुराने फुप्फुस झिजलेल्या बाईची झोप. तिच्यात स्लीप अ‍ॅप्निया किती, तिचा ऑक्सिजन रात्री किती उतरतो, कॉइलच्या धुराचा त्यात वाटा किती, हे समाजपातळीवर मोजले जायला हवे. क्षयरोग बरा झाल्यावर फुप्फुसात उरलेल्या व्रणांचा झोपेतल्या श्वासावर काय परिणाम होतो, हा प्रश्नही महाराष्ट्रासाठी तितकाच महत्त्वाचा आहे.

ट्रकचालकांचा प्रश्न तातडीचा आहे. उपचार न घेतलेल्या स्लीप अ‍ॅप्नियात अपघाताची शक्यता दुपटीहून अधिक होते, असे जगभरच्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण सांगते. डिझेलचा धूर, बिडी, अपुरी झोप आणि बैठे काम यांचा मेळ कळंबोलीत थांबणाऱ्या चालकांत रोज पडतो. चाचणीचे निष्कर्ष त्यांची रोजी जाऊ न देता कसे वापरायचे, हे धोरणाने ठरवायचे आहे. त्याशिवाय कुठलाही चालक खरी लक्षणे सांगणार नाही.

या कामासाठी लागणारी माणसे एकत्र सापडतील अशी ठिकाणे थोडी आहेत. कामोठ्याला एमजीएमचे वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय आहे आणि त्याच्या भोवती कारखान्यातले कामगार, वाहनचालक, उपनगरातले नोकरदार आणि वाड्यांवरची कुटुंबे आहेत. या चार गटांत एकाच पद्धतीने स्पायरोमेट्री आणि झोपेची नोंद झाली तर ‘योगायोग की वेगळा आजार’ या पहिल्या वादात जगाला उपयोगी पडेल अशी भर घालता येईल, कारण धुरामुळे होणाऱ्या आणि तंबाखूमुळे होणाऱ्या सीओपीडीची झोपेच्या बाजूने तुलना अशाच ठिकाणी शक्य आहे.

तोपर्यंत जे पक्के ठाऊक आहे ते वापरायला कुणाची परवानगी लागत नाही. धाप घेऊन आलेल्या रुग्णाला आणि त्याच्या शेजारी झोपणाऱ्या माणसाला घोरण्याबद्दल, श्वास अडण्याबद्दल, सकाळच्या डोकेदुखीबद्दल विचारता येते. घोरण्याची तक्रार घेऊन आलेल्याला खोकला, बिडी आणि चुलीबद्दल विचारून स्पायरोमेट्री करता येते. घरी ऑक्सिजन लावण्यापूर्वी झोपेतला श्वास तपासता येतो. संशोधनाने जोडलेले हे दोन आजार बाह्यरुग्ण विभागात अजून वेगवेगळ्या दारांत बसलेले आहेत. ती दारे एकमेकांत उघडणे ही या क्षेत्रातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत रखडलेली सुधारणा आहे.